अळूचा वाफा

माझी बायको मालिनी ऑगस्टमध्ये गेली. मागच्या अंगणात तिच्या हातचं एकच काही उरलं होतं, अळू. नोव्हेंबरात पानं संपली होती, पण कंद जमिनीत होते, आणि ते मी कुणाला उपटू देणार नव्हतो. त्या शनिवारी माझी मुलगी वल्लरी नेमकी तिथेच फावडं घेऊन उभी होती.

पोर्टलंडमधलं आमचं घर जोडघर आहे. शेजारच्या डोनाची आणि आमची भिंत एक. अंगण बारा फूट बाय अठरा. डोनाचे वडील तळघरात झोपतात. शुक्रवारी त्यांच्या पलंगाखाली पाणी आलं, आणि ते मीच सोडलेलं होतं. सप्टेंबरात मी छपराच्या पाण्याचा पाइप कापून त्याचं तोंड भिंतीलगतच्या वाफ्यात वळवलं होतं. आमच्या गावी अळू न्हाणीच्या पाण्यावर वाढतो. जितकं पाणी तितकी मोठी पानं, हे मला लहानपणापासून ठाऊक होतं.

वल्लरी लोकांच्या बागा आखून देते. तिने कागद माझ्यापुढे धरला.

"बाबा, लुक. पाइप इथून जाईल, भिंतीपासून दहा फूट लांब. तिकडे उथळ खड्डा, त्यात पाणी मुरेल. भोवती फर्न लावू. इट विल बी प्रिटी."

"पाइप वाफ्यातून जातोय."

"दुसरा रस्ताच नाहीये. एवढ्याशा जागेत काय फ्लायओव्हर बांधू?"

"तुझ्या आईचा वाफा आहे तो."

"आय नो कुणाचा आहे!"

कुंपणापलीकडून डोना मला इंग्रजीत म्हणाली, "हेम, चार वाजता मोठा पाऊस आहे म्हणे. डॅडला मी झोपवू कुठे?"

ती भांडली असती तर मला उत्तर देता आलं असतं. मालिनी गेल्यावर महिनाभर हीच बाई आमच्या दारात जेवण ठेवून जायची. दोन वाजून गेले होते.

"फावडं नको," मी वल्लरीला म्हणालो. "हातानं काढतो."

गुडघ्यावर बसून मी माती उकरली. पहिला कंद बोटांतच फुटला. घाण वास आला. दुसराही तसाच. तिसऱ्याची नुसती साल हातात आली.

"असं कसं झालं? पाणी तर भरपूर दिलं."

वल्लरीने फावडं खाली ठेवलं. "बाबा, आई दर ऑक्टोबरला सगळे काढायची. इथे पाऊस थंडीत पडतो, तेव्हा ते झोपलेले असतात. वाळवून, कागदात गुंडाळून गॅरेजमध्ये ठेवायची. तुला माहीत नाही?"

गॅरेजमधला तो खोका मी पाहिला होता. त्यात आलं ठेवलं असेल असं वाटायचं. एकतीस वर्षं मी अळूची भाजी खाल्ली, पण त्या अळूचं हिवाळ्यात काय होतं हे एकदाही विचारलं नाही.

"मग सांगितलं का नाहीस?"

"मला वाटलं, तू काढले असशील. रिकामा वाफासुद्धा तुला हवाय असं वाटलं. म्हणून गप्प बसले."

साडेतीनला थेंब पडायला लागले.

"घट्ट लागेल ते बाजूला ठेव," ती म्हणाली. "बाकीचं फेक. वेळ नाहीये, बाबा."

मग मीच फावडं घेतलं. काही कंद माझ्याच पात्याखाली चिरले गेले असतील. थांबून बघितलं नाही. ती कुदळीनं खड्डा खणत होती, मी पाइपसाठी चर. चारला पाऊस जोरात आला तेव्हा पाइपचा शेवटचा तुकडा बसत नव्हता. वल्लरीने चिखलात आडवी पडून तो दोन्ही हातांनी धरला, मी लाथेनं आत सारला. पाणी खड्ड्यात पडायला लागलं. अर्ध्या तासानं डोना सांगून गेली, तळघरात नवीन पाणी नाही.

सुपारीएवढे तीन कंद घट्ट निघाले होते.

"एक तरी आत्ता कुंडीत लावतो," मी म्हणालो.

"नाही."

"एकच."

"बाबा, मे महिन्यापर्यंत एकही नाही."

मी कंद पुसले. गॅरेजमध्ये दुकानाच्या जाहिरातींचे कागद पडले होते. आई किती थर गुंडाळायची ते वल्लरीलाही माहीत नव्हतं. मी दोन थर गुंडाळले. मग तिसरा गुंडाळला.