‘नवरा’ खाजगी आहे

“योगिताबेन, बधुं लीलुं छे ने? पास कर दो ना,” आमचे मॅनेजर हितेशभाई माझ्या खुर्चीमागून म्हणाले.

हिरवं तर सगळंच होतं. एकशे चौदा चाचण्या, एकशे चौदा हिरव्या खुणा. मला त्या हिरव्या रंगाचीच शिसारी आली होती.

आमची कंपनी सुरतेतल्या लूमवाल्यांसाठी एक छोटी प्रोग्रामिंग भाषा बनवते. तिच्यात एखादा रकाना ‘खाजगी’ केला, की बाहेरच्या कोडला तो वाचता येता कामा नये. वाचायला गेलं तर भाषेने चूक दाखवावी. ती दाखवते का, हे बघणाऱ्या चाचण्या गजेंद्रने लिहिल्या होत्या. त्या तपासून सही करायचं काम माझं.

रकान्याचं नाव ‘नवरा’. गुजरातीत नवरा म्हणजे रिकामा. कामगार किती मिनिटं लूमपासून उठला, त्याची मोजणी. ती फक्त यंत्रासाठी, मुकादमाला दिसणार नाही, असं ठरलेलं. सुरतेजवळच्या सचिन गावातल्या ज्या कारखान्यात हे पहिल्यांदा बसणार, तिथेच माझे अण्णा लूम चालवतात. त्यांना शुगर आहे. तासाला दोनदा उठावं लागतं.

गजेंद्र आमच्या डिंडोलीचाच, सुरतेतल्या खानदेशी वस्तीतला. चाचणीत रकान्याचं नाव इंग्रजी अक्षरांत लिहिताना त्याने एक ‘ए’ जास्त घातला होता, ‘navra’चं ‘navara’. तसा रकानाच नव्हता! भाषा म्हणाली, असा रकाना सापडत नाही. चाचणीला कुठलीही चूक चालत होती, झाली ती हिरवी. आंधळं दळतंय, कुत्रं पीठ खातंय.

मी तो ‘ए’ खोडला. चाचणी लाल झाली आणि मिनिटं सरळ बाहेर आली. कुलूप बसलेलंच नव्हतं.

“मी तर आपला मराठी नवरा लिहिला, ताई,” गजेंद्र खिदळला.

हितेशभाई हसले नाहीत. “सोमवारे डिलिवरी छे. ए ‘ए’ पाछो मूकी दो.”

“परत ठेवू? हितेशभाई, दोन दिवस द्या, कुलूप नीट बसवू. मुकादम बघेल ना हे.”

“तो तमे सही मत करो. कविताबेन करशे.”

शेजारच्या कविताने कानातलं गाणंही न काढता, फाईल न उघडता सही केली. मला तिची किळस आली. सहा वाजता मुकाट्याने पर्स उचलून घरी निघाले, त्या माझी जास्त आली.

अण्णांना मी काही बोलले नाही. पुढच्या आठवड्यात पहिल्या पाळीला निघताना त्यांनी डबा घेतला आणि पाण्याची बाटली ओट्यावर ठेवून दिली.

“अण्णा, बाटली राहिली.”

“ऱ्हाऊ दे, माय. पानी पिधं की उठनं पडस. मुकादमले आते मिनिटं दिखतस.”

मग त्यांनी शुगरची गोळी तोंडात टाकली आणि कोरडीच गिळली.