मातीनं मला घेतलं नाही

मित्रांनो, माझ्याकडे पाहून माझं वय तुम्हाला कळणार नाही. अंगावर छापलेली अक्षरं अजून वाचता येतात. पण मी जुनी आहे. किराणा दुकानात मिळते तशी साधी, पांढरी प्लास्टिकची पिशवी. एक अख्खं वर्ष मी जमिनीखाली काढलं आणि परत आले. तिथून परत यायचं नसतं, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

माझा जन्म कारखान्यात झाला. बारीक दाणे वितळले, त्यांत हवा भरली गेली, लांबच लांब फुगा छतापर्यंत चढला आणि त्याचे तुकडे करून आम्ही बहिणी तयार झालो. तपासणीवाली बाई शंभरांतून एक उचलायची. तिनं मला उचललं, पाण्यानं भरलं, उलटसुलट केलं आणि म्हणाली, "थेंबही गळत नाही. पक्की आहे हो ही!" माझं पहिलं कौतुक ते. त्यानंतर मला वाटू लागलं, की आत आलेलं काहीही बाहेर जाऊ न देणं हाच माझा धर्म.

दुकानात मी उजव्या खुंटीला, कागदी पिशव्या डाव्या. "कागदी देऊ की प्लास्टिकची?" दुकानदार दिवसभर हेच विचारायचा. एकदा शिवणकाम करणारी एक बाई आली. म्हणाली, "कोरडं कागदीत घाला, ओलं प्लास्टिकमध्ये. दोघींचाही मान राहू दे." साबण आणि तांदूळ कागदीत गेले, धुतलेली भाजी माझ्यात आली. अशा आम्ही दोघी एकाच घरी पोचलो.

घरात ती बाई, तिचा नळदुरुस्ती करणारा नवरा आणि दोन मुली. थोरली नऊ वर्षांची, धाकटी सहाची. आणि दोन ससे, पांढरा थोरलीचा, करडा धाकटीचा. उन्हाळ्यात एका सकाळी दोघेही पिंजऱ्यात निपचित पडलेले सापडले. बाबांनी मागच्या भिंतीलगत खड्डा खणला. आईनं आम्हा दोघी पिशव्यांना आणून मुलींना विचारलं, "कोणाला कोणती हवी?"

थोरलीनं कागदी घेतली. धाकटी म्हणाली, "मला प्लास्टिकचीच. कागद भिजला तर माझ्या सशाला थंडी वाजेल." तिनं करड्याला माझ्यात ठेवलं, माझे दोन्ही कान, म्हणजे धरायचे बंद, ओढून गच्च गाठ मारली, वर आणखी एक मारली. "आता याला काही होणार नाही." मी अभिमानानं फुलून गेले.

मग वरून माती पडली.

पहिले काही दिवस आम्ही दोघी बोलायचो. पाऊस झिरपला तशी कागदी म्हणाली, "मी भिजतेय गं." मग एकदा म्हणाली, "कुणीतरी आत येतंय. बारीक बारीक बोटं आहेत."

"घाबरलीस?"

"नाही. जरा सरकून जागा करून देतेय." तिचा आवाज मऊ होत गेला, पसरत गेला. आधी तो एका बाजूनं यायचा, मग चारी बाजूंनी यायला लागला. एक दिवस ती म्हणाली, "आता मला कळत नाही, मी कुठे संपते आणि माती कुठे..." तेवढंच. मी हाका मारल्या. उत्तर आलं नाही. पण तिथे कुणी नाही असंही वाटेना.

ती बोटं म्हणजे थोरलीनं वर पेरलेल्या सूर्यफुलाची मुळं होती. ती माझ्याकडेही आली. मला चाचपलं, माझ्या अंगावरून फिरली आणि वळून गेली. मुंग्या आल्या, त्याही वळून गेल्या.

माझ्या पोटात मात्र काहीतरी चाललं होतं. करडा होता तसा राहिला नाही, पण त्याला जायलाही वाट नव्हती. ऊन तापलं की मी फुगायची, सावली आली की बसायची. माझ्यावर जेमतेम वीतभर माती होती. तीही माझ्याबरोबर वर व्हायची, खाली जायची.

धाकटी रोज यायची. एका दुपारी तिनं जमिनीला कान लावला आणि ओरडली, "ताई, तो श्वास घेतोय!"

थोरलीनं येऊन पाहिलं. माती हलली. थोरली पांढरीफटक पडली आणि घरात पळाली.

त्यानंतर धाकटी तिथून हलेना. गाजर उशाला ठेवल्यासारखं मातीवर ठेवायची, शाळेच्या वेळेला लपून बसायची, ताटातलं अर्धं अन्न त्याच्यासाठी राखायची. पोर वाळत चालली. मी खालून सांगत होते, बाळ, ती मी आहे, तो नाही. पण पिशवीचं बोलणं माणसांना ऐकू येत नाही.

वर्ष होत आलं तेव्हा तिला ताप भरला. तापातही एकच घोकणं, "त्याला बाहेर काढा." ताप उतरल्यावर आई म्हणाली, "खणूया. तिला दिसू दे." बाबांनी फावडं घेतलं. थोरलीच्या बाजूला निघाली काळीभोर माती, मुळं आणि चार पांढरी हाडं. कागदीचा मागमूस नव्हता. धाकटीच्या बाजूला निघाले मी. टम्म फुगलेली, चकचकीत, गाठीसकट.

"बघा, मी सांगत नव्हते?" धाकटी हरखली.

आई खाली बसली. तिनं धाकटीला जवळ घेतलं. "बाळा, श्वास सशाचा नव्हता. पिशवीचा होता."

"मग ससा?"

"तो कधीच गेलाय गं. फक्त त्याला मातीत जाता आलं नाही."

धाकटीनं माझ्याकडे पाहिलं. "म्हणजे मीच त्याला कोंडलं?"

"तू जपायला गेलीस. मोठ्यांचीही अशी चूक होते."

मुलींना लांब उभं करून आईनं शिवणाच्या कात्रीनं माझी गाठ कानांसकट कापली. मी सुस्कारा सोडला तो इतका मोठा होता, की बाबा दोन पावलं मागे सरले. करडा मुळांजवळ मातीत गेला. धाकटीनं आपल्या हातांनी खड्डा बुजवला आणि त्या संध्याकाळी ती पोटभर जेवली.

मला कचऱ्यात टाकायचं ठरलं होतं. धाकटीनं विचारलं, "ही कधी मातीत जाईल?"

"आपण सगळे गेलो तरी ही असेल," बाबा म्हणाले.

ती माझ्याजवळ उकिडवी बसली. मग म्हणाली, "एवढे दिवस नुसतं राहायचं म्हणजे कठीणच की. हिला कामाला लावूया." बाबांनी मला तीनदा साबणानं धुतलं. आईनं कापलेल्या कानांच्या जागी कापडी पट्टा शिवला.

मित्रांनो, तुमच्या दाराआड माझ्या बहिणी असतील, तर त्यांना फेकू नका आणि त्यांच्यात भर घालू नका. आम्हाला राबवून घ्या. आणि जे मातीचं आहे, ते आमच्या हाती कधी सोपवू नका. आम्ही सोडत नाही.

धाकटी अजून मलाच घेऊन बाजारात जाते. तिचा हात आधी पट्ट्यात सैल बसायचा, आता घट्ट बसतो. त्यावर आताशा शिरा दिसू लागल्या आहेत. मी मात्र होते तेवढीच आहे.