आठ तारांचं मशीन

मर्ल वुकोविचने मशीनचं झाकण स्क्रूने घट्ट आवळून आणलं होतं आणि प्रत्येक स्क्रूच्या माथ्यावर लाल नेलपॉलिशचा थेंब दिला होता. चोरून कुणी स्क्रू फिरवलाच, तर थेंबाला तडा जाणार.

आमच्या कॉम्प्युटर क्लबात असलं काही आजवर कुणी केलं नव्हतं. शनिवारी दुपारी सनीव्हेलच्या एका प्राथमिक शाळेच्या कँटीनमध्ये आम्ही जमतो. मुलांच्या बुटक्या बाकांवर गुडघे छातीशी घेऊन बसतो, आणि ज्याचं मशीन असेल त्याने आधी झाकण काढायचं, मग तोंड उघडायचं. दुसरा नियम फळ्याचा. कुणी काही विचारलं तर उत्तर फळ्यावर लिहायचं, म्हणजे ते सगळ्यांचं होतं. इथल्या अर्ध्या लोकांनी आपापली मशीनं त्या फळ्यावरून उतरवून घेतलेली आहेत.

"हे काय रे?" अर्लीन ओगावाने विचारलं. क्लबची कॉफी आणि मतदान दोन्ही तिच्याकडे असतं. "कॉम्प्युटर आणलायस की लोणच्याची बरणी?"

"आधी चालवून दाखवतो," मर्ल म्हणाला. "मग बघू."

"मग नाही. आधी." पहिल्या बाकावरून हॉलिस ग्रीअर बोलला.

त्या दिवशी जत्रेचा स्टॉल ठरायचा होता. दर वसंतात सॅन फ्रान्सिस्कोला कॉम्प्युटरची मोठी जत्रा भरते आणि क्लबाला तिथे एकच टेबल मिळतं. त्यावर कुणाचं मशीन ठेवायचं हे आम्ही मत देऊन ठरवतो. गेली काही वर्षं तिथे हॉलिसचं आठ बिटांचं मशीन असायचं. चांगलं, भरवशाचं मशीन. रडारच्या कंपनीतून निवृत्त झाल्यावर त्याने ते बांधलं होतं. यंदा मर्ल म्हणत होता की त्याचं मशीन सोळा बिटांचं आहे. त्यासाठी त्याने नोकरी सोडली होती आणि वडिलांच्या जर्दाळू वाळवण्याच्या शेडमध्ये वर्षभर काढलं होतं. टेबल मिळालं तर ते मशीन लोकांना दिसणार. नाही मिळालं तर शेडमध्ये राहणार आणि मर्ल पुन्हा कुणाच्या तरी हाताखाली.

तपासायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी दोघांच्याही गटातली नव्हते. शिवाय मी फिजिक्स करून नुकतीच बाहेर पडले होते आणि माझ्या गळ्यात स्टॉपवॉच असायचं. "थीयाला विचारा, तिला मोजल्याशिवाय झोप लागत नाही," असं अर्लीन म्हणायची.

बिटांचं मला असं वाटतं. पहिले प्रोसेसर चार बिटांचे होते. एका वेळी चिमूटभर आकडा उचलायचे. कॅल्क्युलेटरला तेवढं पुरतं. मग आठ बिटांचे आले, मूठभर उचलणारे. ते घराघरात पोचले आणि आमच्यासारखे वेडे जमायला लागले. सोळा म्हणजे ओंजळ. मुठीने धान्याचं पोतं रिकामं होत नाही असं नाही, फक्त खेपा जास्त होतात. म्हणून आठ बिटांचा प्रोसेसर सोळाचं सोंग सहज आणू शकतो: मोठ्या आकड्याचे दोन तुकडे करायचे, एकामागून एक उचलायचे. उत्तर बरोबरच येतं. सोंग पकडायचं तर उत्तर बघून उपयोग नाही, वेळ बघावा लागतो.

मर्लने नेलपॉलिश खरवडलं, झाकण काढलं. आम्ही सगळे वाकलो.

मधल्या मोठ्या चिपवरचा नंबर घासून टाकलेला होता. पॉलिश पेपरने, अगदी गुळगुळीत. काळ्या पाठीवर नुसते राखाडी ओरखडे.

"अरे वा," हॉलिस म्हणाला. "बिनचेहऱ्याचा पाहुणा."

"गेल्या वर्षी माझं मेमरीचं बोर्ड मी याच फळ्यावर काढून दाखवलं," मर्ल म्हणाला. "महिन्याभरात तेच बोर्ड एका दुकानात विकायला आलं. वायरींचे रंगसुद्धा तेच. कुणी केलं मला माहीत नाही. म्हणून यंदा नंबर नाही."

हे बोलताना तो कुणाकडेच बघत नव्हता. पण खोलीतल्या प्रत्येकाला वाटलं की आपल्याकडेच बघत नाहीये.

हॉलिसने खिशातून पेन्सिल काढली आणि चिपपासून मेमरीकडे जाणाऱ्या तारांवरून टोक फिरवलं. शांतपणे, सावकाश. मग दुसऱ्यांदा.

"आठ," तो म्हणाला. "मर्ल, माझ्या मशीनलाही आठच आहेत. सोळा बिटांच्या प्रोसेसरला आकड्यांसाठी तारा किती लागतात रे?"

"बाहेर आठ आहेत. आत सोळा."

"आत!" हॉलिसने स्वतःच्या पोटावर थाप मारली. "माझ्याही आत एक सडपातळ जवान आहे. बायकोला अजून दिसला नाही एवढंच."

सगळे हसले. मीही हसले. मर्लचे कान लाल झाले.

खरं सांगायचं तर मलाही संशय होता, आणि तो मर्लचाच. नंबर घासलेली चिप, बंद झाकण, तारा आठ. तिन्ही गोष्टी एकाच दिशेला बोट दाखवत होत्या. फक्त एक मला खटकलं: हॉलिसने तारा मोजल्या, पण चिप कुठली असेल याचा तर्कसुद्धा केला नाही. हा माणूस झाकण न उघडता नुसत्या आवाजावरून रेडिओ ओळखतो.

"मेमरीतून आकडे उचलायला लाव," हॉलिस मला म्हणाला. "आधी छोटे, मग मोठे. पोरी, सोंग तिथेच उघडं पडतं."

सूचना योग्य वाटली. मर्लने दोन छोटे प्रोग्राम टाइप केले. परीक्षेत पेपर झाकतात तसा एक हात कीबोर्डवर आडवा धरून. एक मेमरीतून छोटे आकडे उचलून दुसरीकडे ठेवणारा, दुसरा तेवढेच मोठे आकडे. मी स्टॉपवॉच दाबलं, थांबवलं, पुन्हा दाबलं. तीनदा करून पाहिलं.

"मोठ्यांना जास्त वेळ लागतो," मी म्हणाले. "साधारण दीडपट."

"झालं तर," हॉलिस म्हणाला. "एका दमात सोळा उचलत असता तर वेळ सारखा लागला असता. अर्लीन, मतं घे."

"चाचणी चुकीची आहे," मर्ल म्हणाला.

"का?"

"ते नाही सांगणार."

"हे बरंय! चुकीची आहे, पण का ते गुपित. माझा मेहुणा गाडी विकतो तो अस्साच बोलतो."

मर्लने झाकण उचललं. मला वाटलं चिडून शिवी देईल. पण त्याने ते मशीनवर ठेवलं आणि स्क्रू शोधायला लागला. एक स्क्रू बाकाखाली गेला होता. तो गुडघ्यांवर बसून शोधत होता आणि वर अर्लीन मतदानासाठी कागदाच्या चिठ्ठ्या फाडत होती.

मी माझ्या आकड्यांकडे बघत होते. दीडपट. ते उत्तर मला नीट गिळता येईना. खरा सोळा असेल तर एकपट हवी. आठाचं सोंग असेल तर दुप्पट, आणि वर तुकडे जोडायचा खर्च, म्हणजे दुपटीहून जास्तच. दीडपट म्हणजे ना हे ना ते. खोलीने त्यातला फक्त 'जास्त' हा शब्द ऐकला होता.

मग लक्षात आलं की मी प्रोसेसर मोजलाच नव्हता. मी रस्ता मोजला होता. मेमरीतून येणारा मोठा आकडा आठ तारांवरून दोन खेपांत येणारच, पलीकडे बसलेला सोळाचा असो की आठाचा. दार अरुंद आहे म्हणून घर लहान ठरत नाही. आणि ही चाचणी सुचवली होती हॉलिसने, ज्याने आयुष्यभर सिग्नल कुठे अडतो हेच शोधलं.

"थांबा," मी म्हणाले. "अर्लीन, चिठ्ठ्या थांबव. मला आणखी एकदा तपासायचंय. मेमरीला हात न लावता."

"म्हणजे कसं?" अर्लीनने विचारलं.

"आकडा एकदाच आत घ्यायचा आणि आतल्या आत लाखो वेळा फिरवायचा. बिटांची रांग एकेक जागा पुढे सरकवायची, टोकाचा बिट वळून मागच्या टोकाला. आधी आठांची रांग, मग सोळांची. आतलं घर खरंच सोळाचं असेल तर दोन्हीला सारखाच वेळ. सोंग असेल तर दोन तुकडे जुळवताना दम लागेल."

मर्ल बाकाखालून वर आला. स्क्रू सापडला होता. त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मला पहिल्यांदाच वाटलं, हा खोटं बोलत नाहीये. "हो," तो म्हणाला. "हे बरोबर आहे. लगेच टाइप करतो."

त्याने पुन्हा हात आडवा धरला.

"तसं नाही," मी म्हणाले.

"काय तसं नाही?"

"मघाशी तू झाकून टाइप केलंस ते चाललं, कारण निकाल तुझ्या विरुद्ध गेला. हरणाऱ्याच्या चाचणीवर कुणी शंका घेत नाही. आता निकाल तुझ्या बाजूने लागला तर मला कसं कळणार की तू एकच प्रोग्राम दोनदा चालवला नाहीस?"

"थीया, तूसुद्धा?"

"मीसुद्धा. कोड मला दे, मी टाइप करते."

तो माझ्या जवळ आला, आवाज खाली आणला. "कानात सांगतो."

"फळ्यावर!" हॉलिस मागून म्हणाला. "कानगोष्टी घरी करा. इथे जे सांगायचं ते फळ्यावर."

आणि नियम तोच होता. मी हॉलिसला गप्प करू शकत नव्हते. करायचंही नव्हतं, कारण कानात सांगितलेल्या कोडची साक्ष मी एकटी देणार आणि खोलीने माझ्या शब्दावर का विश्वास ठेवावा? पण मर्ल का घुटमळतोय ते आम्हाला सगळ्यांना कळत होतं. प्रत्येक प्रोसेसरचे हुकूम वेगळ्या आकड्यांत असतात. ते फळ्यावर आले की इथल्या कुणालाही चिप ओळखता येणार. वर्षभर घासून लपवलेला नंबर एका ओळीत उघडा.



मर्ल फळ्याशी गेला. खडू हातात घेतला. मग त्याने लिहिलं. खरंच एकच ओळ होती, थोडेसे आकडे.

मागून कुणीतरी चिपचा नंबर मोठ्याने म्हणालं. मग दुसरं कुणी म्हणालं, "अरे, बाहेर आठ ठेवलेत! म्हणजे आपल्याकडची जुनी मेमरी, जुने सगळे भाग याला चालतील!" आणि मला कळलं की मर्लने नेमकं काय लपवलं होतं. चिप नव्हती लपवली त्याने, ती तर कंपनीच्या यादीतून कुणीही मागवली असती. त्याने लपवली होती ती युक्ती: नव्या घराला जुनी दारं बसतात. स्वस्त, प्रत्येकाच्या ड्रॉवरमध्ये पडलेली. बाकी सगळे सोळा तारांच्या महागड्या भागांची वाट बघत बसले होते.

मी टाइप केलं. आठांची रांग. स्टॉपवॉच. सोळांची रांग. स्टॉपवॉच. पुन्हा केलं, क्रम उलटा करून. शेवटी फिरवलेला बिट पडद्यावर तपासला. तो खरोखर सोळाव्या जागेवर जाऊन बसला होता.

"सारखा वेळ," मी म्हणाले. "सोळा आहे."

टाळ्या वाजल्या नाहीत, कारण सगळ्यांचे हात लिहिण्यात गुंतले होते. मागचे लोक बाकांवर उभे राहून फळा उतरवून घेत होते. कुणी डोनटच्या खोक्यावर, कुणी तळहातावर. एकटा हॉलिस पेन्सिल खिशात ठेवून बसला होता.

"तुम्ही नाही लिहीत?" मी विचारलं.

"माझं अक्षर वाईट आहे."

"मघाशी तारा मोजल्यात तेव्हाच चिप ओळखली होतीत. हो ना?"

तो माझ्याकडे बघून हसला. "पोरी, मी म्हातारा माणूस. मला आठच्या वरचं काय कळतं?"

याचा अर्थ काय घ्यायचा ते मला तेव्हा ठरवता आलं नाही. त्याला स्टॉल हवा होता म्हणून त्याने मुद्दाम मला चुकीच्या वाटेवर पाठवलं, असं धरता येतं. मर्लने एकदा तरी फळ्यावर लिहावं म्हणून त्याला डिवचलं, असंही धरता येतं. दोन्हीतला फरक दाखवणारी चाचणी मला अजून सुचलेली नाही.

अर्लीनने मतं घेतली. चिठ्ठ्यांची गरज पडली नाही, हात वर झाले. हॉलिसचाही झाला, सगळ्यांच्या आधी. टेबल मर्लचं.

"पार्टी दे आता," कुणीतरी ओरडलं.

"जत्रेपर्यंत तुमच्यातले किती जण हेच मशीन बांधून आणतात ते बघतो," मर्ल म्हणाला. "मग देतो."

ते थट्टेत घेऊन सगळे हसले. तो हसला नाही.

मी त्याला सामान व्हॅनपर्यंत न्यायला मदत केली. बाहेर ऊन होतं, शाळेच्या मैदानावर मुलं बेसबॉल खेळत होती. मी मॉनिटर उचलला होता, त्याने कीबोर्ड आणि वायरींचा गुंता. व्हॅनमध्ये ते ठेवून तो मशीन आणायला परत वळला, तेव्हा मी म्हणाले, "राहू दे, मी आणते."

"नको." तो लगेच म्हणाला. मग जरा ओशाळला. "म्हणजे, तू मॉनिटर सांभाळ. ते मी आणतो."

"मर्ल, आता तर सगळ्यांना माहीत आहे."

"माहीत आहे गं," तो म्हणाला आणि जवळजवळ पळतच आत गेला, कारण ते मशीन तेवढा वेळ त्या खोलीत एकटं होतं.