उजेडावरून कळतं ते

"ही खाच दिसती का, आप्पा? हितं उजेड कमी पडलाय." राजनंदिनीनं लॅपटॉपच्या पडद्यावर, ताऱ्याच्या उजेडातल्या रंगांच्या आलेखात, एका खोलगट जागी बोट ठेवलं.

सयाजी वाकून बघू लागले. कोइमतूरला गलाईच्या दुकानात सोनं गाळण्यात त्यांची तीस वर्षं गेली. तेजाबाच्या धुरानं छाती अधू झाली, तेव्हा ते विट्याला परतले. लेक पुण्यात फुटलेल्या ताऱ्यांवर संशोधन करत होती. सुट्टीला आलेली, तरी दुपारचं जेवण होताच कामाला बसली होती.

"ह्यो तारा फुटला कवा?"

"चार कोटी वर्षांमागं. उजेड गेल्या महिन्यात पोचला."

"आन् तेवढ्यावरनं तुला समदं कळतं?"

"समदं न्हाई. पर हायड्रोजनची खूण कुठंच न्हाई. ही खाच सिलिकॉनची, वाळूत असतं त्याची. ती तिच्या जागेवरनं निळ्या रंगाकडं सरकलीया. किती सरकली त्यावरनं कळतं, ताऱ्याच्या चिंधड्या आपल्याकडं सेकंदाला अकरा हजार किलोमीटर उडत हुत्या."

सयाजींना ते पटलं. भट्टीच्या ज्योतीला हिरवी झाक आली की तांबं ओळखणारा माणूस तो. पण मन भलतीकडंच गेलं. कुणी न पाहिलेलं मरण ही पोर वाचत होती, आणि आपण तिनं पाहिलेलं मरणही कधी विचारलं नाही.

बायको दीपमाला गेली तेव्हा ते कोइमतूरलाच होते. गाड्या बदलत तिसऱ्या दिवशी घरी पोचले, तर सावडणंही उरकलेलं. राजनंदिनी तेव्हा नऊ वर्षांची. त्याला आता अठरा वर्षं झाली होती.

"नंदे, शेवटाला तू हुतीस न्हवं आईजवळ?"

तिची बोटं थांबली. "व्हय."

"माज्यावर राग धरून गेली का गं?"

तिनं लॅपटॉप मिटला.

"न्हाई, आप्पा. तिला वाटलं, तुमी आलाय. आजोबा दारात खोकलं, तर म्हणाली, 'आलं बघ. पाणी दे त्यास्नी.'"

"मग?"

"मग मी आजोबांना पाणी नेऊन दिलं. तिला काय सांगितलंच न्हाई."

सयाजी उठून आत गेले. माठातून पाणी काढल्याचा आवाज आला, मग काहीच नाही. थोड्या वेळानं राजनंदिनीनं आत डोकावून पाहिलं.

भरलेला तांब्या दोन्ही हातांत धरून ते उभे होते. अजून ओठाला लावला नव्हता.