वाकडे सरगुंडे

पंचफुलाबाईंनी काडीवर गुंडाळलेली पिठाची दोरी हलकेच पुढं सरकवली आणि सरगुंडा उतरता उतरता मधेच दबला. त्यांनी तो पटकन खाटेवरच्या धोतरावर, बाकीच्यांच्या आड ठेवला. सकाळपासूनचा हा सातवा.

गेले दोन महिने हात थरथरत होता, आणि ही गोष्ट त्यांनी घरात कुणाला कळू दिली नव्हती. सरगुंडे करावेत ते पंचफुलाबाईंनीच, असं दर्यापूरच्या त्यांच्या मोहल्ल्यात सगळे म्हणत. त्याची त्यांना घमेंडही होती, खोटं कशाला सांगायचं. अठरा वर्षांपूर्वी सून माया नवी नवी आली, तेव्हा तिचा पहिलाच सरगुंडा वाकडा झाला म्हणून त्यांनी चार बायकांदेखत तो बकरीपुढं टाकला होता. माया काही बोलली नव्हती. पुढच्या उन्हाळ्यात मात्र तिचे सरगुंडे असे उतरू लागले, की नाव ठेवायला जागा उरली नाही.

आज नात प्रियदर्शनीच्या लग्नाचे सरगुंडे होते, वाळवून ठेवायचे आणि शिजवून आमरसासोबत वाढायचे. एक डबा अकोल्याला, तिच्या सासरी जायचा होता. आजच हाताचं बिंग फुटलं तर आपली काय किंमत राहणार, या विचारानं पंचफुलाबाईंचा जीव अर्धा झाला होता.

अंगणात मदतीला जमलेल्या बायकांत शेजारच्या सुंदराबाई होत्या; त्यांची नजर खाटेवर गेलीच.

"हे वाकडे कोनाचे व बाई?"

"माहे हायेत," माया चटकन म्हणाली. "माहा हातच चालून नाही राह्यला आज."

पंचफुलाबाईंनी सुनेकडं पाहिलं. तिच्यासमोरही पाच-सहा वाकडे सरगुंडे पडले होते. मान खाली घालून ती नवा करत होती. चांगला सरळ उतरत आलेला. शेवटी तिनं तो अंगठ्यानं अलगद दाबला.

म्हणजे हिला ठाऊक होतं. कधीपासून, कोण जाणे. पंचफुलाबाईंना भरून आलं, आणि तितकीच लाज वाटली.

"अठरा सालं झाली, अजून जमलं नाही तुले?" सुंदराबाई हसल्या. बाकीच्या बायकाही हसल्या. माया गप्प राहिली, तेव्हासारखीच.

पंचफुलाबाईंनी हातातली काडी खाली ठेवली.

"पोरगी खोटं बोलून राह्यली. वाकडे माहे हायेत. हात कापते माहा."

मग सुंदराबाईच म्हणाल्या,

"मंग आंदी सांगाव की व! माहे त गुडघेच गेले. मी तरी कुठं सांगतो कोनाले?"

हशा पिकला. या वेळी पंचफुलाबाईही हसल्या.

"माया, माहा हात धर जरासा," त्या म्हणाल्या.

मायानं त्यांचं मनगट धरलं. दोघींनी मिळून एक सरगुंडा उतरवला. सरळ नव्हताच तो. अंगणाच्या कोपऱ्यात बांधलेल्या बकरीनं मान उंच केली. पंचफुलाबाईंनी तिच्याकडं पाहिलं, आणि तो सरगुंडा अकोल्यासाठी वेगळ्या काढलेल्या सुपात, अगदी मधोमध मांडला.