खंयच्या भाषेत इचारूचा?

जान्हवीला सहावं लागलं आणि तोंडवलीच्या त्या घरात रोज जेवताना शाळेचा विषय निघू लागला. तिचा बाप निकेत पर्यटकांना होडीतून डॉल्फिन दाखवून आणायचा. त्याचं मत ठरलेलं होतं, पोर पूर्ण इंग्रजी शाळेतच जाणार. जान्हवीच्या आईला, रसिकालाही ते पटलं होतं. सावंतवाडीला कॉलेजात असताना तिला ढीगभर शंका यायच्या, पण इंग्रजीत विचारायच्या कशा, म्हणून तीन वर्षं ती मागच्या बाकावर गप्प बसून राहिली. लेकीच्या वाट्याला ते नको, एवढंच तिचं म्हणणं.

एप्रिलमधल्या एका सोमवारी दोन शाळा बघायचं ठरलं. ऐन हंगामात निकेतला होडी सोडून येणं जमेना, म्हणून सासरे काशीराम सुनेबरोबर आणि नातीबरोबर निघाले. ते एसटीतले निवृत्त कंडक्टर. उभा जन्म आचरा-मालवण रस्त्यावर तिकिटं फाडलेली, त्यामुळे कोणाशीही बोलताना आवाज शेवटच्या सीटपर्यंत पोचेल असाच लागायचा.

"बाबा, थय मीच बोलतलंय हां," रसिकाने रिक्षातच बजावलं.

"बोल गो. माजा काय आसा थय?"

पहिली शाळा मालवणात. गुळगुळीत लाद्या, काचेच्या कपाटात बक्षिसं, मुख्याध्यापिका बोलायला गोड. रसिकाने घरून पाठ करून आणलेले प्रश्न विचारले. बस किती वाजता येते, वर्गात मुलं किती. उत्तरं व्यवस्थित मिळाली. आता उठायचं, तेवढ्यात काशीराम खाकरले.

"मॅडम, एक इचारू? पोराक मुतूक जावचा आसला तर खंयच्या भाषेत इचारूचा?"

धरणी पोटात घेईल तर बरं, असं रसिकाला झालं.

मुख्याध्यापिका हसल्या. "इंग्लिशमध्येच, आजोबा. ते वाक्य आम्ही पहिल्याच दिवशी पाठ करून घेतो."

"आणि आयत्या वेळी आठवला नाय तर?"

"म्हणूनच दप्तरात एक जास्तीची चड्डी ठेवायला सांगतो ना."

बाहेर आल्याबरोबर रसिका तडकली. "बाबा, असो प्रश्न कोण इचारता काय?"

"तीस वर्षां शाळेची पोरां गाडीतसून नेलंय मी," काशीराम म्हणाले. "एखादा चुळबुळाक लागला की घंटी मारून गाडी थांबवलंय. तेव्हा भाषा कोण बघता?"

दुसरी शाळा आचऱ्याच्या वाटेवर, माडांच्या सावलीत, कौलारू. अर्धा दिवस मराठीत, अर्धा इंग्रजीत, आणि प्रत्येक भाषेच्या बाई वेगळ्या. पहिलीचा इंग्रजीचा तास चालू होता. मुलं जमिनीवर शिंपल्यांचा ढीग घालून मोजत बसली होती.

"नाइन!"

"नाइन खंयचे? टेन आसत! तुज्या पायाखाली एक आसा!"

"तो माजो अंगठो आसा!"

बाईंनी मोजून बघा, एवढंच इंग्रजीत सांगितलं. दोघांनी भांडत भांडत पुन्हा मोजले. निघाले अकरा.

रसिका दारातच उभी राहिली. इंग्रजीचा तास, आणि एकही पोर गप्प नाही! जान्हवी हात सोडून कधी आत जाऊन बसली, तेही तिला कळलं नाही.

मुख्याध्यापिका दिव्याबाईंसमोर काशीरामांनी आपला प्रश्न काढलाच. या खेपेला रसिकाने त्यांना अडवलं नाही.

"मालवणीत विचारू दे, नाहीतर नुसतं नाचून दाखवू दे," दिव्याबाई म्हणाल्या. "आधी जाऊन येऊ दे. इंग्रजी परत आल्यावर."

मग रसिकाने पाठ न केलेला प्रश्न विचारला. "पण दोन्ही भाषा अर्ध्याच राहिल्या तर?"

"पहिलं वर्षभर खिचडी होणार. शेजारचं पोर इंग्रजीत फाडफाड बोलेल आणि तुम्हाला वाटेल, आपण चुकलो. मी लपवत नाही. धीर असेल तरच नाव घाला."

ते सरळ बोलणं रसिकाला आवडलं. धाकधूकही तेवढीच वाढली.

संध्याकाळी निकेत ऐकूनच उखडला. "ती बक्षिसांची शाळा सोडून तू तिका त्या कौलारू शाळेत घालूक बघतंस?"

"माका इंग्लिश येय नव्हता असा नाय," रसिका म्हणाली. "बोलूक भय वाटायचा. थयल्या पोरांक ता भय नाय. मी डोळ्यांनी बघलंय."

निकेतने होडीचं इंजिन पुसायचं फडकं खांद्यावर टाकलं. मग म्हणाला, "एक वर्ष बघूया. मालवण खंय पळान जाता?"

जूनमध्ये शाळा सुरू झाली. श्रावणात शेजारच्या चंदनच्या मुलाने अंगणात उभं राहून अख्खी इंग्रजी कविता म्हणून दाखवली, त्या दिवशी रसिकाला जेवण गेलं नाही. निकेतने काही बोलून दाखवलं नाही, हे त्याचं मोठेपण.

दिवाळीच्या सुट्टीत त्याने आणलेल्या खेकड्यांतली एक कुर्ली टोपलीतून निसटली. जान्हवी खुर्चीवर चढून ओरडली, "मम्मी, कम फास्ट! द कुर्ली इज पळता!"

"ह्या खंयचा इंग्लिश गो?" निकेत पोट धरून हसायला लागला.

"हसतस काय? धर ना तिका!"

कुर्ली कपाटाखाली शिरली. काशीराम झाडू घेऊन गुडघ्यांवर बसले, निकेतने टोपली धरली, रसिकाने बॅटरी मारली. खुर्चीवरून हुकूम सुटत होते.

"आजोबा, लेफ्ट! लेफ्ट म्हणजे डाव्या हाताक!"

काशीराम मुकाट्याने डावीकडे सरकले.