नऊ वर्षांनी आलेल्या कळ्या

हिवाळ्यात बागेतली उघडीबोडकी फांदी वाळली आहे की नुसती झोपली आहे, हे तुम्ही कसं ओळखता? नाही ना ओळखता येत? लाजू नका. मलाही पूर्वी कळत नसे, आणि माझं तर सगळं आयुष्य फांद्यांतच गेलं.

मी छाटणीची कात्री बोलतेय. एका छोट्या कारखान्यात माझा जन्म झाला. दोन पाती, मध्ये स्प्रिंग आणि लाल मूठ. लाल रंग केव्हाच उडाला. दुकानाच्या काचेमागे मी बरेच दिवस धूळ खात पडले होते. मग एक बाई आली. तिने मला हातात घेऊन हवेतच चार वेळा उघडमीट केली आणि दुकानदाराला म्हणाली, "ही हाताला बसते. द्या." तेव्हापासून मी तिची.

घरात तिला सगळे थोरली म्हणतात, कारण वरच्या मजल्यावर तिची धाकटी जाऊ राहते. थोरलीचा हात मोठा जाणता. वाळकी वाटणारी फांदी ती आधी नखाने हलकेच खरवडायची. सालीखाली हिरवी रेघ दिसली की म्हणायची, "आहे गं बाई, जीव आहे." मग डोळ्याच्या, म्हणजे कोंब फुटायच्या जागेच्या, जरा वर तिरका काप. पाणी साचू नये म्हणून तिरका. काम झालं की मला पुसून तेलाचं बोट फिरवायची. तिच्या नवऱ्याने एकदा माझ्याने तार कापली. माझ्या पात्याला खाच पडली आणि तिने दोन दिवस त्याच्याशी अबोला धरला. कात्रीसाठी कोण कुणाशी भांडतं हो? मला फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू!

फाटकाजवळ तिने एक झाड लावलं होतं. बशीएवढी पांढरी फुलं येतील, असं रोपवाल्याने सांगितलेलं. नऊ वर्षं झाली, फूल म्हणून नाही. तिचा नवरा पाहुण्यांना सांगायचा, "हे आमचं सरकारी झाड. नुसतं उभं राहायचं काम करतं."

यंदा पानं गळाली आणि फांद्यांच्या टोकांना अंगठ्याएवढ्या, करड्या, मऊ लवेच्या कळ्या दिसू लागल्या. थोरलीने एक गालाला लावून पाहिली. मी तिच्या खिशातच होते. "कुणाला सांगायचं नाही," ती पुटपुटली. "फुलली की दिसतीलच. मग बघते कोण हसतं ते."

आठवड्याने गोठलेल्या पायरीवरून तिचा पाय घसरला. हाड मोडलं, प्लास्टर चढलं, आणि मी धाकटीच्या हातात आले.

धाकटी दवाखान्यात परिचारिका. तिला कुठे डाग दिसलेला खपत नाही. मातीचं ज्ञान शून्य, पण माया भरपूर. वॉर्डात दिवसभर उभी राहून आलेली ही बाई घरात पाऊल टाकण्याआधी बागेत चक्कर मारायची आणि मग थोरलीच्या खाटेशी बसून बातम्या द्यायची.

"गुलाबाचे डोळे लाल झाले का गं?"

"अगंबाई, आले की काय डोळे? थेंब घालू?"

"थेंब कसले घालतेस! कोंब धरलाय का, ते विचारतेय."

"मग हो. आणि भिंतीशी जमिनीतून हिरवी टोकं वर आलीत. सुईसारखी. एवढ्या गारठ्यात कशी हो येतात?"

थोरलीचा चेहरा उजळायचा. मला तर धाकटीचं कौतुक वाटायचं. महिन्याभरात तिला ओल्या मातीचा वास ओळखू यायला लागला होता.

अशात एका दुपारी तिला फाटकाजवळच्या झाडावरची ती करडी, केसाळ बोंडं दिसली.

"ई! केवढे हे सुरवंटांचे कोष!"

तिने हातमोजे चढवले, तोंडाला मास्क बांधला आणि हात पोचेल तिथपर्यंत कचाकच सगळं उतरवलं. माझ्या पात्यांना आतला ओला, गोडसर वास लागला. किड्यांना असा वास नसतो. मी जमेल तेवढी अडखळले, स्प्रिंग घट्ट धरली. पण धाकटीचा हात इंजेक्शन देणारा, तो थांबतोय कसला!

सगळं तिने झाकणाच्या भांड्यात भरून आत नेलं. दुसऱ्या हातात मी.

"जाऊबाई, बघा! तुमचं झाड वाचवलं. अजून थोडे दिवस गेले असते तर पार फस्त केलं असतं यांनी."

थोरलीने भांड्यात पाहिलं.

"वरपर्यंत पोचलीस?"

"नाही ना. उद्या शेजारून शिडी आणते आणि राहिलेले काढून टाकते."

थोरलीला पेच पडला. गप्प राहावं तर उद्या वरच्याही कळ्या जाणार. बोलावं तर समोरचा आनंदाने फुललेला चेहरा कोमेजणार. ज्या हातांनी रोज तिची वेणी घातली, तिला उठवलं-बसवलं, तेच हे हात.

तिने एक कळी धाकटीच्या तळहातावर ठेवली. "मोजे काढ. नखाने सोल बघू हळूच."

धाकटीने सोललं. आत घडी घातलेल्या रुमालासारख्या पांढऱ्याशुभ्र पाकळ्या होत्या.

"म्हणजे मी... नऊ वर्षांनी आलेली..." ती खाटेच्या कडेवर बसली. "जाऊबाई, मला रागवा तरी!"

"तुला कशाला? घरात एकाही माणसाला सांगितलं नाही मी. सांगितलं असतं तर तू काठी घेऊन राखण केली असतीस." थोरलीने तिचे डोळे पदराने पुसले. "आणि शिडी लगेच मिळाली नाही, हे काय थोडं झालं?"

मी आता म्हातारी झालेय, पाती बोथटलीत. पण खूप हात पाहिलेत, म्हणून सांगते: थोरलीसारखा हात विरळा. तुमच्या बागेत काही उमलायच्या बेतात असेल तर घरात सांगून ठेवा. मनात दडवून कात्री दुसऱ्याच्या हाती देऊ नका.

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटी रिकाम्या हाताने शिडीवर चढली आणि शेंड्याला तीन कळ्या शिल्लक आहेत, असं तिने खिडकीतल्या थोरलीला ओरडून सांगितलं.